वर्तुळात गाडी फिरवणारा इंजिनिअर

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. पीएल लागली होती, हॉस्टेल निम्मं रिकामं झालं होतं आणि आम्ही पाच-सहा जण वर्कशॉपमागच्या पार्किंगमध्ये फक्कीने दोन मोठी वर्तुळं काढत होतो. वॉचमनकाकांना वाटलं गॅदरिंगची तयारी चाललीय. त्यांना काय सांगणार? फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत स्किडपॅड नावाचा एक प्रकार असतो, आणि तो म्हणजे शुद्ध गोल गोल फिरणं. इंग्रजी आठच्या आकाराचा ट्रॅक, आधी उजवीकडे दोन फेऱ्या, मग डावीकडे दोन, आणि प्रत्येक बाजूची दुसरी फेरी मोजायची. बस्स. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो, पण तुमच्या गाडीची आणि विशेषतः टायरची सगळी कुंडली त्या चार फेऱ्यांत बाहेर येते.

टीममध्ये टायरचं डिपार्टमेंट माझ्याकडे होतं. डिपार्टमेंट म्हणजे काय, तर एक प्रेशर गेज, एक उसना आणलेला पायरोमीटर आणि एक शंभर पानी वही. आमच्याकडे टायरचे दोन सेट होते. एक सीनियर्सनी मागे ठेवलेला, मऊ कंपाऊंडचा, जुना. दुसरा नवीन, पण जरा कडक रबराचा. नव्या सेटवर फेरी 5.9 सेकंदांची आली आणि जुन्यावर 5.7 ची. स्किडपॅडमध्ये 0.2 सेकंद म्हणजे काय चीज असते, हे ज्याने स्पर्धा केलीय त्यालाच कळेल. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. जुना सेट फायनल!

वहीत मी वेळ लिहिली, तापमानं लिहिली, तारीख लिहिली. एक गोष्ट मात्र लिहिली नाही. जुन्या सेटच्या डाव्या मागच्या टायरमधून रात्रभरात 2 पीएसआय हवा उतरत होती, आणि साइडवॉलवर केसासारख्या बारीक भेगा होत्या. म्हटलं, सकाळी हवा भरू, काय बिघडतंय.

त्याच आठवड्यात वेहिकल डायनॅमिक्सच्या सरांकडे स्किडपॅडचं गणित तपासायला गेलो. त्यांनी आकडे बघितले, बरोबर आहेत म्हणाले, आणि एक नाव सांगून त्याच्याबद्दल वाचून ये म्हणाले. मार्क डॉनह्यू. मी शूमाकर, सेना, लाउडा या मंडळींना ओळखणारा. हा कोण? पण सरांचा व्हायवा तोंडावर होता, म्हणून वाचायला घेतलं. मित्रांनो, सबमिशन बाजूला राहिलं आणि मी चार दिवस याच माणसाच्या मागे होतो. तुम्हालाही त्याची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्क डॉनह्यूचा जन्म 18 मार्च 1937 चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. 1959 साली तो ब्राउन युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. म्हणजे आपल्याच ब्रँचचा! कॉलेजात असतानाच त्याच्याकडे 1957 ची कॉर्व्हेट होती आणि ती घेऊन तो न्यू हॅम्पशायरमधल्या बेलनॅपच्या एका हिलक्लाइम्बमध्ये, म्हणजे डोंगर चढायच्या शर्यतीत, उतरला आणि जिंकला. तेव्हा तो 22 वर्षांचा होता.

पदवीनंतर रेसिंग हा शनिवार-रविवारचा उद्योग. 1961 मध्ये त्याने एल्व्हा कुरियर नावाच्या छोट्या ब्रिटिश गाडीवर अमेरिकेतल्या हौशी ड्रायव्हरांची राष्ट्रीय चॅम्पियनशिप मिळवली. या काळात वॉल्ट हॅन्सगन नावाच्या एका मुरलेल्या ड्रायव्हरची नजर त्याच्यावर पडली. हॅन्सगनने त्याला हाताशी धरलं. 1965 मध्ये दोघं मिळून सेब्रिंगची 12 तासांची शर्यत धावले. 1966 च्या सुरुवातीला फोर्ड जीटी 40 वर डेटोनाला तिसरे आले आणि सेब्रिंगला दुसरे. वाटलं, गाडी रुळावर आली.

आणि एप्रिल 1966 मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या ट्रॅकवर टेस्टिंग चालू असताना, ओल्या रस्त्यावर, हॅन्सगनची गाडी ताब्यातून सुटली. काही दिवसांतच तो गेला. रस्ता ओला असला आणि टायरला पाणी बाजूला सारायला वेळ मिळाला नाही, की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. मग स्टीअरिंग, ब्रेक, अनुभव, सगळं असून नसल्यासारखं. डॉनह्यूचा गुरू गेला तो असा, ओल्या ट्रॅकवर.

हॅन्सगनच्या अंत्यविधीला रॉजर पेन्स्के आला होता. स्वतः नावाजलेला ड्रायव्हर, पण रेसिंग सोडून धंद्यात आणि टीम उभारण्यात शिरलेला. त्याने तिथेच डॉनह्यूला आपल्यासाठी गाडी चालवण्याबद्दल विचारलं. अमेरिकन रेसिंगमधली एक गाजलेली जोडी अशी एका अंत्ययात्रेत जमली.

सुरुवात काही फार झोकात झाली नाही. वॅटकिन्स ग्लेनच्या पहिल्याच शर्यतीत डॉनह्यूने पेन्स्केची नवीकोरी लोला टी 70 पार निकामी केली. आपल्या टीममध्ये कुणी असं केलं तर त्याला पुढच्या वर्षी स्पॅनरसुद्धा हातात देणार नाहीत. पेन्स्केने दुसरी गाडी दिली. त्याच वर्षी कॅनडातल्या मॉस्पोर्टला डॉनह्यूने कॅन-ॲम मालिकेतली शर्यत जिंकली, आणि 1967 व 1968 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन रोड रेसिंग चॅम्पियनशिप.

आता येतो आपल्या कामाचा भाग.

1967 पासून पेन्स्केची टीम ट्रान्स-ॲम मालिकेत शेव्हरोले कॅमारो चालवू लागली. ही दिसायला शोरूममधल्यासारखीच गाडी. तिला वेगवान करायचं कसं? बाकीच्यांची पद्धत अशी, की ड्रायव्हरने दोन-चार लॅप मारायचे, पिटमध्ये येऊन पुढचं टोक ढकलतंय, मागचं घसरतंय असं काहीबाही सांगायचं आणि मेकॅनिकने अंदाजाने काहीतरी फिरवायचं. डॉनह्यूला हे मानवेना. तो इंजिनिअर. त्याला आकडा हवा. म्हणून ही मंडळी गाडी घेऊन जनरल मोटर्सच्या टेस्टिंग ग्राउंडवरच्या स्किडपॅडवर गेली. स्किडपॅड म्हणजे डांबराचं मोठं सपाट मैदान, त्यावर ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ. त्या रेषेवरून गाडी गोल गोल फिरवायची, वेग वाढवत न्यायचा, आणि ज्याच्या पुढे गाडी रेषेवर टिकतच नाही त्या वेगाला स्टॉपवॉच दाबायचं.

गणित फर्स्ट इयरचं आहे. वर्तुळात फिरताना केंद्राकडचं ॲक्सिलरेशन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. वेग मोजायची गरज नाही, फेरीचा वेळ पुरतो. चार पाय-वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले वेळेचा वर्ग. उदाहरणार्थ, 30 मीटर त्रिज्येचं वर्तुळ 11 सेकंदांत पूर्ण झालं तर टायरने जवळपास 1 जी पकड दिली. 10 सेकंदांत झालं तर 1.2 जी. आमच्या स्पर्धेत गाडीच्या मार्गाची त्रिज्या साधारण 9.125 मीटर धरतात. त्या हिशोबाने 5.9 सेकंद म्हणजे 1.05 जी आणि 5.7 सेकंद म्हणजे 1.13 जी.

एवढं सोपं असताना यात विशेष ते काय? विशेष हे, की खऱ्या ट्रॅकवर एका लॅपमध्ये पन्नास गोष्टी एकदम घडतात. ब्रेक, गिअर, इंजिन, वारा, ड्रायव्हरची झोप, सगळं. लॅप टाइम कमी झाला तर श्रेय कुणाला द्यायचं, टायरला की नाश्त्याला? स्किडपॅडवर बाकी सगळं स्थिर राहतं आणि एकच गोष्ट बदलता येते. आज टायर बदलला, उद्या कॅम्बर, परवा अँटी-रोल बार. एका वेळी एकच बदल, आणि शेवटी परत पहिला सेट लावून पहिलाच आकडा येतो का बघायचं. नाही आला तर मधल्या काळात डांबर तापलंय, सुधारणा टायरची नाहीच. लॅबमध्ये आपण रीडिंग आधीच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो ना, त्याच्या बरोब्बर उलटी ही पद्धत.

टायरच्या बाबतीत या पद्धतीने काय कळतं, ते थोडक्यात सांगतो, कारण स्वतःची गाडी घेऊन कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला जायची स्वप्नं आपल्यातले बरेच जण बघतात. पहिली गोष्ट, टायरवरचं वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून वळणावर वजन आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर गेलं की एकूण पकड घटते, आणि म्हणून रेसिंगवाले गाडी जमिनीलगत ठेवतात. दुसरी, टायर वळतो तो थोडा घसरूनच. चाकाचं तोंड एका दिशेला आणि गाडीचा मार्ग दुसऱ्या दिशेला, मधला तो छोटा कोन म्हणजे स्लिप अँगल. हा कोन वाढवला की पकड वाढते, एका टोकाला पोचते, आणि पुढे उतरते. चांगला टायर ते टोक आधी कळवतो, वाईट टायर सांगतच नाही. तिसरी, तापमान. गाडी पिटमध्ये आली की लगेच टायरच्या आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला पायरोमीटरची सुई टोचायची. मधलं जास्त गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम तर हवा कमी, आतली कडच फार गरम तर निगेटिव्ह कॅम्बर जास्त झालाय. तीन आकडे, आणि टायर तुमच्याशी बोलायला लागतो.

डॉनह्यूने हे वेड 1968 च्या मोसमात असं वापरलं, की ट्रान्स-ॲमच्या 13 शर्यतींपैकी 10 त्याने एकट्याने जिंकल्या. 1969 मध्येही मालिका शेव्हरोलेकडेच राहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेटोनाची 24 तासांची शर्यतही त्याने चक पार्सन्सच्या जोडीने जिंकली होती, आणि तीसुद्धा मध्ये एक्झॉस्ट दुरुस्तीसाठी गाडी तासाभराहून जास्त पिटमध्ये उभी असताना!

सगळंच काही सोवळ्यातलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. कॅमारोची बॉडी ॲसिडमध्ये बुडवून तिचा पत्रा पातळ करायचा, वजन उतरवायचं, हा उद्योगही याच टीमचा. आयोजकांच्या ते लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही. डॉनह्यूने पॉल व्हॅन व्हॅल्केनबर्गबरोबर लिहिलेलं पुस्तक 1975 मध्ये आलं, त्याचं नावच मुळी द अनफेअर ॲडव्हान्टेज. नाव वाचून लबाडीची कबुली वाटते. पण पुस्तकभर आहे काय, तर गाडीमागून गाडी, काय बदललं, काय मोजलं, काय फसलं. दुसऱ्याला जो फायदा अन्यायाचा वाटतो, तो पुष्कळदा जागून केलेल्या टेस्टिंगचा असतो, हे त्यातून कळतं. फसलेले प्रयोगही त्याने त्यात लिहिले आहेत. हे वाचताना मला माझी शंभर पानी वही आठवली आणि मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

पुढची वर्षं नुसती भरभराटीची. 1971 ला कॅनडात मॉस्पोर्टच्याच ट्रॅकवर फॉर्म्युला वनमध्ये पहिलीच शर्यत आणि थेट तिसरा नंबर. त्याच वर्षी एएमसी जॅव्हलिन या गाडीला ट्रान्स-ॲमचं विजेतेपद. 1972 ला इंडियानापोलिस 500. त्या दिवशी बराच वेळ पुढे होता त्याचाच टीममेट गॅरी बेटनहाउसन. त्याची गाडी बिघडली आणि 200 पैकी शेवटच्या 13 लॅप डॉनह्यू पुढे राहिला. तेवढ्या पुरल्या. सरासरी वेग ताशी 162.962 मैल, म्हणजे सुमारे 262 किलोमीटर. हा विक्रम 1984 पर्यंत टिकला. पेन्स्केच्या टीमचा इंडियानापोलिसचा हा पहिला विजय.

याच काळात पोर्शने त्याला जर्मनीत बोलावलं. पोर्शला 917 ही गाडी टर्बो इंजिन बसवून अमेरिकेत कॅन-ॲममध्ये उतरवायची होती. तिचं इंजिन ताकद भरपूर द्यायचं, पण द्यायचं कधी, याचा नेम नव्हता. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी काहीच नाही, आणि मग एकदम सगळं. वळणाच्या मध्यात असं झालं तर मागच्या टायरांनी करायचं काय? डॉनह्यूने वायसाखच्या टेस्ट ट्रॅकवर हेल्मुट फ्लेग्ल आणि पोर्शच्या इतर इंजिनिअरांबरोबर मुक्काम ठोकला. पुन्हा तेच, स्किडपॅड, वही, एका वेळी एक बदल. इंजिन चालवण्याजोगं होईपर्यंत त्याने पिच्छा सोडला नाही.

जुलै 1972 मध्ये रोड ॲटलांटाला टेस्टिंग करताना भर वेगात गाडीच्या मागच्या बॉडीचा भाग सुटून उडाला. गाडीचे तुकडे झाले, डॉनह्यूच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. त्याने महिनोन्महिने घडवलेली गाडी त्याच्याऐवजी जॉर्ज फॉल्मरने चालवली आणि चॅम्पियन झाला. विचार करा, प्रोजेक्ट तुम्ही केलं, प्रेझेंटेशनच्या दिवशी तुम्ही आजारी, आणि ट्रॉफी दुसऱ्याच्या हातात. डॉनह्यू परत आला तो पुढच्या वर्षी. 1973 ची पोर्श 917/30, 5.4 लिटरचं 12 सिलिंडरचं टर्बो इंजिन, सुमारे 1100 हॉर्सपॉवर. त्या मोसमातल्या 8 पैकी सलग 6 शर्यती त्याने जिंकल्या.

मग त्याने रेसिंग सोडलं. पण सोडता सोडता एक गंमत करून गेला. त्या हिवाळ्यात आयरॉक नावाची नवी मालिका झाली होती. जगातले निवडक ड्रायव्हर आणि सगळ्यांना एकसारख्या पोर्श गाड्या. म्हणजे टेस्टिंग नाही, ॲसिड नाही, स्किडपॅड नाही, कुणालाच कसला जास्तीचा फायदा नाही. फेब्रुवारी 1974 मध्ये डेटोनाला तिची शेवटची शर्यत झाली आणि विजेता ठरला डॉनह्यूच. हा नुसता गाडी बनवणारा आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांना परस्पर उत्तर मिळालं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण 1974 च्या अखेरीस पेन्स्के स्वतःची फॉर्म्युला वन गाडी घेऊन उतरला आणि डॉनह्यू निवृत्ती मोडून परत हेल्मेट घालून बसला. 1975 चा मोसम जड गेला. गाडी साथ देईना. शेवटी मोसमाच्या मध्यात टीमने आपली गाडी बाजूला ठेवून मार्च कंपनीची 751 घेतली. सिल्व्हरस्टोनला तो पाचवा आला. गाडी वर्षानुवर्षं समजून घेऊन मग जिंकणारा हा माणूस आता दर पंधरा दिवसांनी नव्या देशात, नव्या ट्रॅकवर, अनोळखी गाडीत बसत होता.

ऑगस्टमध्ये मध्येच एक उजेडाचा दिवस येऊन गेला. 9 ऑगस्ट 1975, अलाबामातलं टॅलाडेगा. आपली लाडकी पोर्श 917/30 घेऊन डॉनह्यूने बंदिस्त ट्रॅकवरच्या वेगाचा जागतिक विक्रम केला. ताशी 221.120 मैल, म्हणजे जवळपास 356 किलोमीटर. मी सहज गणित करून बघितलं. टायरची त्रिज्या 33 सेंटीमीटर धरली, तर या वेगाला टायरच्या पृष्ठभागावरचं केंद्राकडचं ॲक्सिलरेशन 3000 जीच्या आसपास येतं. म्हणजे ट्रेडमधलं एक ग्रॅम रबर 3 किलोच्या जोराने बाहेर निसटायला बघतंय, आणि त्याला धरून ठेवलंय आतल्या धाग्यांनी आणि रबराच्या चिकटपणाने. वळण नाही, ब्रेक नाही, नुसतं सरळ पळतानाचं हे गणित. त्या दिवशी टायरांनी ते सोसलं.

आठ दिवसांनी, 17 ऑगस्टला, ऑस्ट्रियन ग्रां प्री. ऑस्टररायशरिंग हा डोंगरातला अतिशय वेगवान ट्रॅक. शर्यतीच्या सकाळच्या सरावात, पहिल्या वेगवान वळणावर, डॉनह्यूच्या मार्चचा टायर गेला. गाडी कुंपणाबाहेर फेकली गेली. ट्रॅकवर काम करणाऱ्या एका मार्शलचा त्यात मृत्यू झाला. डॉनह्यू शुद्धीवर होता. वरवर पाहता वाचला असंच वाटलं. पण डोक्याला मार बसला होता, डोकं दुखायला लागलं, प्रकृती बिघडत गेली आणि 19 ऑगस्ट 1975 ला ग्राझच्या हॉस्पिटलमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. वय 38.

त्याच्या कुटुंबाने टायर बनवणारी गुडइयर कंपनी आणि पेन्स्केची टीम यांच्यावर दावा लावला. तो बरीच वर्षं चालला आणि 1986 मध्ये कोर्टाबाहेर मिटला. तडजोडीची रक्कम जाहीर झाली नाही. 1977 पर्यंत ते वळण बदलून तिथे वेग कमी करणारी शिकेन आली. आणि 2009 मध्ये, बापाच्या विजयानंतर बरोबर 40 वर्षांनी, मुलगा डेव्हिड डॉनह्यू डेटोनाच्या 24 तासांच्या शर्यतीत विजेत्या टीममध्ये होता. 24 तासांनंतरचा फरक होता 0.167 सेकंदांचा.

हे सगळं वाचून झालं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. खोलीत रूमपार्टनर घोरत होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. टायर मोजायला शिकवणारा हा माणूस, त्याच्या आयुष्याचा शेवट टायरनेच केला. स्किडपॅडने त्याला काय सांगितलं होतं? टायर किती धरतो. टायर किती टिकतो, हे स्किडपॅड सांगत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण वेगवान आकडा आला की पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याचंही उत्तर मिळालं असं समजतो. पकड रबराच्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये असते. जीव असतो आतल्या धाग्यांत, बीडमध्ये, साइडवॉलमध्ये आणि कोंडलेल्या हवेत. हवा कमी झाली की साइडवॉल दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते, तापली की रबर आणि धागे एकमेकांना सोडायला बघतात. आणि मजा म्हणजे थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, वेळ चांगलाच येत राहतो.

माझ्याकडे तर सोडवायला कोडंही नव्हतं. 2 पीएसआय मला माहीत होते. भेगा माझ्या बोटाला लागल्या होत्या. मी फक्त त्या वहीत लिहिल्या नव्हत्या, कारण टाळ्या वाजत होत्या. आणि त्या टायरवर मी बसणार नव्हतो. बसणार होता आमचा ड्रायव्हर, जो माझ्या वहीवर डोळे झाकून सही करायचा.

सकाळी सात वाजता कॅन्टीनमध्ये त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, चहा संपवला, आणि माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये येऊन त्या साइडवॉलवरून स्वतः बोट फिरवलं. टीम मीटिंगमध्ये मात्र जोरदार वाजलं. 0.2 सेकंदांचे किती पॉइंट जातात याचं गणित फळ्यावर मांडलं गेलं. मला भित्रा म्हटलं गेलं, आणि आधी का सांगितलं नाहीस असंही. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ड्रायव्हरनेच नवा सेट मागितला आणि विषय संपला.

स्पर्धेत आमची फेरी 5.9 च्या आसपासच आली. स्किडपॅडच्या यादीत आमचं नाव शोधायला जरा खाली जावं लागतं. जुना सेट वापरला असता तर तो टायर गेला असता का? कदाचित काहीच झालं नसतं. आम्ही आणखी एक ट्रॉफी घेऊन आलो असतो आणि मी हा लेख लिहिला नसता. पण न झालेल्या अपघाताचं रीडिंग घेता येत नाही, त्यामुळे तो आकडा वहीत कोराच राहणार.

जाता जाता, ट्रॅक डेला जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. टायर घेताना साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. 2421 म्हणजे 2021 सालचा 24 वा आठवडा. ट्रेड कितीही जाड असला तरी रबर म्हातारं होतंच. हवा थंड असताना भरा, पण धावून आल्यावर लगेच गरम असतानाही मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजा. साइडवॉलवर, आतल्या बाजूलासुद्धा, हात फिरवा. भेग, फुगवटा, बाहेर आलेला धागा, यातलं काहीही दिसलं तर लॅप टाइम विचारात घेऊ नका. आणि नको असलेला आकडा आधी लिहा, हवा असलेला नंतर.

तो जुना टायर आम्ही टाकला नाही. वर्कशॉपमध्ये टूल बोर्डच्या शेजारी खिळ्याला टांगलाय. त्याच्यावर खडूने लिहून ठेवलंय: 5.7 सेकंद, 1.13 जी, रात्रभरात उणे 2 पीएसआय. फर्स्ट इयरची मुलं टीममध्ये यायला लागली, की हा टायर इथे का टांगलाय म्हणून विचारतात. मग मी त्यांना एका इंजिनिअरची गोष्ट सांगतो, जो वर्तुळात गाडी फिरवायचा.